दोन्ही दिशांना त्वरण मायनस आलं तर गणित चुकलेलं नसतं, ठोकळा हललेलाच नसतो

आधी प्रश्न परत लिहितो कारण अर्धा घोळ त्याच्या शब्दांतच आहे. ३७ अंशाचा खडबडीत उतार, त्यावर ५ किलोचा ठोकळा, त्याला बांधलेली दोरी उताराच्या वरच्या टोकाला असलेल्या कप्पीवरून पलीकडे सोडलीय आणि तिकडे २ किलोचं वजन लटकतंय. स्थितिक घर्षणांक (ठोकळा हलायच्या आधीचा) ०.५, गतिक (घसरत असतानाचा) ०.४, जी म्हणजे गुरुत्वत्वरण १० धरायचा. सगळं स्थिर धरून ठेवलंय आणि मग सोडलं, तर त्वरण किती, ताण किती. तू आधी धरलंस की लटकलेलं वजन खाली जाणार, त्वरण आलं मायनस ३.७. मग 'मायनस म्हणजे दिशा उलटी' म्हणून ३.७ तसंच ठेवून दिशा बदललीस, उत्तर जुळलं नाही. मग परत पहिल्यापासून, ठोकळा खाली घसरतोय असं धरून केलंस तर तेही मायनस, ०.८६. उत्तरात लिहिलंय शून्य. आणि तुझा प्रश्न असा की दोन्हीकडून मायनस कसं येऊ शकतं, चूक नक्की कुठेय.

आकडेमोड तपासली, एकही चूक नाहीये. चूक त्याच्या आधीच झालीय, घर्षणाची दिशा आणि किंमत दोन्ही तू सुरुवातीलाच ठरवून टाकलीस. मी बरीच वर्षं हा धडा शिकवतोय आणि या प्रकारात अडकणाऱ्या दहातल्या आठ जणांचं हेच होतं असं माझं मत आहे, मोजलेलं नाही, पण पेपर तपासताना तसंच दिसतं.

मायनस आलं की दिशा उलटी करायची ही सवय लागते कुठून, तर गुळगुळीत उतारावरून. तिथे ती चालते. याच गणितात घर्षण काढून टाक, मग एका बाजूला लटकलेल्या वजनाचे २० न्यूटन, दुसऱ्या बाजूला ठोकळ्याच्या वजनाचा उतारावरचा घटक, ५ गुणिले १० गुणिले ०.६ म्हणजे ३० न्यूटन (३७ अंशाला साइन ०.६ आणि कॉस ०.८ धरतात). वजन खाली जातंय असं धरलं तर २० वजा ३०, भागिले एकूण ७ किलो, मायनस १.४३. ठोकळाच खाली येतो, १.४३ ने, विषय संपला. इथे दिशा उलटवून चालतं कारण गुरुत्वाकर्षणाला तू कुठली दिशा धरलीस याच्याशी काही घेणंदेणं नाही, तू काहीही धर, ३० ते ३० आणि २० ते २० च राहतात.

घर्षण तसं नाहीये. ते आधी बघतं की घसरणं कुठल्या बाजूला होतंय आणि मग त्याच्या विरुद्ध उभं राहतं. तू वजन खाली जातंय असं धरलंस तेव्हा घर्षण उताराच्या खालच्या दिशेने लावलंस, बरोबर लावलंस. पण मायनस आल्यावर गती उलटी केलीस आणि घर्षण तिथेच राहिलं! म्हणजे आता ठोकळा खाली चाललाय आणि घर्षण पण त्याला खालीच ढकलतंय, असं घर्षण मी तरी अजून पाहिलेलं नाही. म्हणून घर्षण असेल तिथे मायनसचा अर्थ 'उलट दिशेला तेवढंच' असा होत नाही, 'मी जे धरलं होतं ते इथे घडत नाहीये' एवढाच होतो. आणि दोन्ही गृहीतं पडली की तिसरंच उरतं, ते म्हणजे काहीच हलत नाही.

आता मी हे कसं करतो ते सांगतो. पहिल्यांदा घर्षण पूर्ण विसरायचं आणि नुसती ओढाओढ बघायची, कोण किती ओढतंय. खाली ३०, वर २०. खालची बाजू १० ने भारी. म्हणजे ठोकळ्याचा कल खाली घसरायचा आहे, हललेला नाहीये अजून, नुसता कल. म्हणजे घर्षण लागलंच तर उताराच्या वरच्या दिशेने लागणार. मग बघायचं की घर्षणाची ऐपत किती, नॉर्मल (उतार ठोकळ्याला लंब दिशेने जेवढ्याने ढकलतो ते बल) ५ गुणिले १० गुणिले ०.८ म्हणजे ४०, त्याला स्थितिक घर्षणांक ०.५ ने गुणलं की २० न्यूटन. गरज १० ची, ऐपत २० ची. भागलं. ठोकळा हलत नाही, त्वरण शून्य, आणि लटकलेलं वजन नुसतं टांगलेलं आहे म्हणून ताण २० न्यूटन.

आणि घर्षण किती? १० न्यूटन, २० नाही. स्थितिक घर्षणाचं ते म्यू (म्हणजे घर्षणांक) गुणिले नॉर्मल जे आहे ना ती ऐपत आहे, खर्च नाही. खर्च गरजेइतकाच होतो. ठोकळ्यावर पडताळून बघ, वरच्या दिशेने ताण २० अधिक घर्षण १०, खालच्या दिशेने ३०, बसलं बरोब्बर.

हे डोक्यात पक्कं बसावं म्हणून मी लटकलेल्या वजनाच्या जागी बादली लावायला सांगतो, खरोखरची नाही तर मनातली, आणि तिच्यात हळूहळू वाळू टाकत जायचं. ठोकळा सुरुवातीला हाताने धरलाय. बादली वाळूसकट १ किलोची झाली की ती १० न्यूटनने ओढतेय, ठोकळा ३० ने खाली, फरक २०, म्हणजे घर्षणाची ऐपत पूर्ण संपते पण ठोकळा कसाबसा थांबतो, हात काढला तरी चालेल. २ किलो, तुझं गणित, घर्षण १० वरच्या दिशेने. ३ किलो झाली की दोन्हीकडे ३०, घर्षण शून्य, उतार खडबडीत असूनसुद्धा शून्य कारण त्याची गरजच नाही. ४ किलोला फरक परत १० चा पण आता ठोकळ्याचा कल वर जायचा, म्हणून घर्षण १० खालच्या दिशेने. ५ किलोला २० खालच्या दिशेने, ऐपत परत संपली. म्हणजे १ ते ५ किलोपर्यंत बादली काहीही असली तरी त्वरण शून्यच आणि घर्षण मात्र मधे सरकत सरकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. तो पट्टा एकदा दिसला की असली निम्मी गणितं न सोडवताच कळतात.

आता ५ किलोच्या वर एक चिमूट वाळू टाकली की काय होतं ते मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतं. ठोकळा सुटतो आणि सुटल्याक्षणी स्थितिक घर्षणाचा संबंध संपतो, आता गतिक, ०.४ गुणिले ४०, १६ न्यूटन. त्वरण ५० वजा ३० वजा १६, म्हणजे ४, भागिले १० किलो, ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे त्वरण शून्यापासून हळूहळू वाढत नाही, एकदम ०.४ वर उडी मारतं, जड कपाट ढकलताना ते हलत नाही हलत नाही आणि मग एकदम सुटतं तोच हिसका आहे हा. आणि ताण? आत्तापर्यंत वाळू टाकेल तसा वाढत वाढत ५० झाला होता तो सुटल्यावर ५ गुणिले (१० वजा ०.४), म्हणजे ४८ वर उतरतो. वजन वाढवलं आणि ताण कमी झाला, हे पोरांना सहजासहजी पटत नाही.

सरळ सुटणारं एक उदाहरण पण करून टाकू, लटकलेलं वजन ६ किलो. ओढाओढ ६० विरुद्ध ३०, फरक ३०, ऐपत २०, भागत नाही, म्हणजे सुटणार, वर जाणार. आता घर्षण खालच्या दिशेने १६. त्वरण १४ भागिले ११, १.२७. ताण लटकलेल्या वजनावरून ६ गुणिले (१० वजा १.२७), ५२.४ च्या आसपास, आणि ठोकळ्यावरून ३० अधिक १६ अधिक ५ गुणिले १.२७, तेवढाच. ताण नेहमी दोन्हीकडून काढ, अर्धा मिनिट जातं पण चिन्हाची चूक असेल तर इथेच पकडली जाते. तो एकूण वस्तुमानाने भागायचा शॉर्टकट चांगलाच आहे, मीही वापरतो, पण त्यात ताण समीकरणातून उडून जातो त्यामुळे फ्री बॉडी डायग्राम (एकेका ठोकळ्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) चुकला असेल तर तो शॉर्टकट तुला ते सांगत नाही.

माझीच एक फजिती सांगतो. शिकवायला लागलो तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत फळ्यावर हेच ३ किलोचं गणित घेतलं होतं आणि हात सवयीने चालला, घर्षण म्यू गुणिले नॉर्मल, २० न्यूटन, खालच्या दिशेने, त्वरण मायनस २.५, उलटी दिशा, चला पुढे. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, सर दोन्हीकडे तीस-तीस आहेत, मग त्याला ढकलतंय कोण? उत्तर नव्हतं माझ्याकडे. ढकलत होतं माझं घर्षण. थांबलेल्या ठोकळ्याला घर्षणच चालवतंय असं मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून उत्तर आलं की एकदा हा प्रश्न विचारतो, याला ढकलतंय कोण.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुझ्या प्रश्नात 'स्थिर धरून सोडलं' हे तीन शब्द आहेत ते फार महत्त्वाचे. समज लटकलेलं वजन ४.८ किलो आहे. स्थिर धरून सोडलं तर फरक १८, ऐपत २०, हलणार नाही. पण तेच वजन कोणी खाली ओढून गती देऊन सोडलं तर घर्षण १६ च उरतं, ४८ वजा ४६, २ न्यूटन शिल्लक, आणि सिस्टीम थांबत तर नाहीच उलट ०.२ ने वेग वाढवत जाते. तोच उतार तेच ठोकळे आणि उत्तरं दोन, दोन्ही बरोबर. ४.६ ते ५ किलोच्या मधे असंच होतं आणि खालच्या टोकाला १ ते १.४ किलोच्या मधे पण. म्हणून प्रश्नात दोन घर्षणांक दिले असतील तर ते उगाच दिलेले नसतात. एकच दिला असेल तर दोन्ही सारखेच धरायचे, मग ही भानगड येत नाही.

दुसरं, नॉर्मल ४० आला कारण दोरी उताराला समांतर आहे. कोणी आडव्या दिशेने ठोकळा उतारावर दाबत असेल तर त्या बलाचा एक घटक नॉर्मलमधे जमा होतो, घर्षणाची ऐपत वाढते आणि वरचे सगळे आकडे बदलतात. डोळे झाकून नॉर्मलला एम जी कॉस थीटा (वस्तुमान गुणिले जी गुणिले उताराच्या कोनाचा कॉस) लिहिणं ही या धड्यातली दोन नंबरची चूक.

तू खाली असंही विचारलंयस की दोन्ही ठोकळे उतारावरच असतील, एकामागे एक, मधे दोरी, कप्पी वगैरे काही नाही, तर हीच रीत का. रीत हीच पण एक प्रश्न वाढतो, दोरी ताणलेली राहते का? दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. मग आधी दोरी कापून टाकायची, मनातल्या मनात, आणि प्रत्येक ठोकळा एकटा कसा घसरला असता ते काढायचं. एकट्या ठोकळ्याचं त्वरण जी गुणिले (साइन वजा म्यू कॉस), वस्तुमानाचा काही संबंध नाही त्यात. याच ३७ अंशावर गतिक घर्षणांक ०.२५ असेल तर ४ येतं, ०.५ असेल तर २.

आता खरखरीत ठोकळा खाली आहे आणि गुळगुळीत वर. वरचा ४ ने येतोय, खालचा २ ने, म्हणजे वरचा खालच्याला गाठणार, दोरी ढिली, ताण शून्य, दोघं आपापल्या त्वरणाने. इथे एकूण वस्तुमानाने भागलं तर चुकीचं उत्तर येतं आणि ताण काढायला गेलास की मायनस येतो. ताण मायनस आला म्हणजे दोरी ढकलतेय, म्हणजे दोरी ढिली आहे, ताण शून्य धरून परत करायचं. (दोरीऐवजी ठोकळे एकमेकांना टेकलेले असतील तर मात्र ढकलता येतं, दांडा असेल तर दोन्ही येतं, म्हणून मधे काय आहे ते आधी वाचायचं.)

उलट लावलं, खालचा २ किलोचा आणि ०.२५ वाला, वरचा ३ किलोचा आणि ०.५ वाला, तर खालचा पुढे पळायला बघतो, वरचा त्याला धरून ठेवतो, दोरी ताणलेली. आता दोघं मिळून ५ किलो, खाली ओढणारं बल ३०, घर्षणं ४ आणि १२, उरले १४, त्वरण २.८. ताण खालच्यावरून १२ वजा ४ वजा ५.६, म्हणजे २.४ न्यूटन. २.८ हे २ आणि ४ च्या मधे आलंय बघ, ते तसंच यायला हवं, बांधलेली जोडी संथ ठोकळ्यापेक्षा संथ किंवा जलद ठोकळ्यापेक्षा जलद होऊच शकत नाही. बाहेरचा आकडा आला की वही उलटून परत बघायचं.

आणि दोघंही एकटे उभे राहू शकत असतील, म्हणजे दोघांचाही स्थितिक घर्षणांक टॅन थीटापेक्षा, इथे ०.७५ पेक्षा, जास्त असेल तर? मग त्वरण शून्य हे नक्की पण ताण किती हे दिलेल्या माहितीवरून ठरत नाही. हळूच ठेवले असतील आणि दोरी नुसती पडली असेल तर शून्य, कोणी ओढून ताणून ठेवले असतील तर थोडा ताण तसाच अडकून राहू शकतो कारण घर्षण दोन्हीकडे सांभाळून घेतं. परीक्षेत अशा वेळी दोरी सैल होती असं धरून शून्य लिहितात, तेच लिही, पण ते गृहीत आहे हे माहीत असू दे.

इथे थोडं विषयांतर. घर्षणाचे हे नियम न्यूटनच्या दुसऱ्या नियमासारखे पक्के नाहीत, कामचलाऊ आहेत. गिलॉम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली मांडलं की घर्षण दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, पुढे कूलॉमने, तोच तो विद्युतभाराचा नियम वाला, १७८० च्या दशकात स्थितिक आणि गतिकवर भरपूर प्रयोग केले, आणि आपण अजून त्याच जोरावर गणितं सोडवतो. एक फळी घे, तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेव, फळी हळूहळू उचल आणि ठोकळा सुटेल तो कोन मोज, त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणांक. पाच वेळा केलंस तर पाच वेगळे आकडे येतील, धूळ बसली, हात लागला, फळी थोडी दमट असली की बदलतं. तेव्हा ०.५ हा आकडा गणितातच इतका छान असतो. कप्पी बिनवजनाची, दोरी न ताणली जाणारी, हेही तसंच. कप्पीला वस्तुमान दिलं असेल तर दोरीच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही, ते वेगळं प्रकरण आहे, तुझ्या प्रश्नात नाहीये म्हणून सोडून देतो.

आता शेवटी त्या तुझ्या दोन मायनसांकडे येतो, कारण ती उत्तरं टाकाऊ नाहीत. समज तुझ्याच सिस्टीममधे कोणीतरी ते २ किलोचं वजन खाली ओढलं आणि वेग २ मीटर प्रति सेकंद असताना सोडून दिलं (वजनच ओढायचं, ठोकळ्याला वर धक्का मारला तर दोरी ढिली पडते आणि मग वेगळंच गणित होतं). ठोकळा वर चाललाय, घर्षण खरोखरच खालच्या दिशेने आणि खरोखरच १६, म्हणजे २० वजा ३० वजा १६, भागिले ७, मायनस ३.७. तुझं पहिलं उत्तर जसंच्या तसं, फक्त ते उलट दिशेचं पळणं नाही, वर जाताना वेग कमी होणं आहे. साधारण ०.५४ मीटर जाऊन थांबेल, आणि थांबल्यावर परत खाली येईल का ते विचारायचं, तर गरज १०, ऐपत २०, नाही येणार, तिथेच राहील. तसंच ठोकळा आधीच २ मीटर प्रति सेकंदने खाली घसरत असेल आणि दोरी ताणलेली असेल, तर मायनस ०.८६ म्हणजे त्याचा वेग कमी होतोय, साधारण २.३ मीटरवर थांबेल, आणि तोही तिथेच राहील.